कोलकाता–आगरतळा : अंतर कोणते मोजावे?

प्रवासभत्त्याच्या देयकात 'अंतर' नावाचा एक रकाना असतो. तो भरताना सहसा कुणी विचार करीत नाही. परंतु आगरतळ्याहून कोलकात्यास आलेल्या माणसाने तेथे कोणता आकडा लिहावा?

विमानाने हे अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. मुंबईहून सोलापूर सरळ रेषेत जेवढे, त्याहून थोडे कमीच. उड्डाण तासाभराचे. हाच प्रवास रेल्वेने करायचा, तर सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून आसामात जायचे, लुमडिंगहून दक्षिणेस वळून डोंगर ओलांडायचा आणि बराक खोऱ्यातून त्रिपुरात उतरायचे. दीड हजार किलोमीटरहून अधिक, आणि दीड दिवस. मुंबई–दिल्ली लोहमार्ग याहून आखूड आहे!

भूगोलाने हे केलेले नाही. फाळणीपूर्वी आगरतळ्याचे स्टेशन म्हणजे आखौरा, शहरापासून काही किलोमीटरांवर. १९४७ साली ते सीमेपलीकडे गेले. आगरतळ्यात मीटरगेज गाडी पोचली २००८ साली, ब्रॉडगेज २०१६ साली. मधली साठ वर्षे महाराजा वीरविक्रम यांच्या काळात, १९४२ साली झालेली धावपट्टी हाच या शहराचा कोलकात्याकडे जाणारा जवळचा रस्ता होता. आगरतळा–आखौरा लोहमार्गाचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०२३ रोजी झाले खरे. पण जुलै २०२४ मध्ये कोलकाता–ढाका प्रवासी गाडीच थांबली. शेजारच्या देशातील घडामोडींवर आपल्या नागरिकाचे अंतर ठरावे, हे विचित्रच.

एका कार्यालयात मी पाहिलेले प्रकरण सांगतो. आगरतळ्याचा एक कनिष्ठ लिपिक कार्यालयीन कामासाठी तातडीने विमानाने कोलकात्यास आला. देयकावर आक्षेप आला : 'विमानप्रवासाची पात्रता नाही, रेल्वेभाड्यापुरती रक्कम मंजूर.' आक्षेप नियमाला धरून होता. रेल्वेने आला असता तर येण्याजाण्यात तीन दिवस गेले असते, आणि त्या तीन दिवसांचा पगार व दैनिक भत्ता शासनाने बिनतक्रार दिला असता. हा हिशेब मांडण्यासाठी त्या देयकात रकानाच नव्हता. फरकाची रक्कम त्याने स्वतःच्या खिशातून भरली.

विमान ही चैन, आणि चैन हुद्द्याप्रमाणे द्यावी, हे या नियमामागचे गृहीतक आहे. मुंबई–पुणे प्रवासात ते ठीकच. आगरतळ्यास ते लागू पडत नाही. शासनास हे अगदीच ठाऊक नाही असेही नाही : मोठ्या मार्गांवर उडणाऱ्या विमान कंपन्यांनी क्षमतेचा ठरावीक भाग ईशान्येकडील मार्गांवर वापरावा, असे निर्देश १९९४ पासून आहेत, रजा प्रवास सवलतीत ईशान्येस विमानाने जाण्याची सूटही वेळोवेळी वाढविली गेली आहे. म्हणजे दिल्लीचा कर्मचारी सहलीसाठी ईशान्येस विमानाने जाऊ शकतो. तेथला उमेदवार मुलाखतीसाठी बाहेर पडतो, तेव्हा मात्र त्याच्या हाती बहुधा दुसऱ्या वर्गाचे रेल्वेभाडे ठेवले जाते.

माझे मत असे की पात्रता हुद्द्याऐवजी वेळेवर ठरवावी. रेल्वेने चोवीस तासांहून अधिक लागत असतील आणि विमानाने दोनाहून कमी, तर लिपिक असो वा सचिव, साध्या वर्गाचे विमानभाडे मिळावे. मुलाखतीच्या उमेदवारासही तोच नियम लावावा. याने खर्च वाढेल, हे मान्य. पण वाचलेले दिवस त्यातून वजा करून मगच वित्त विभागाने आक्षेप घ्यावा. त्यासाठी देयकात 'लागलेला वेळ' असा आणखी एक रकाना छापावा लागेल, इतकेच.