लेकराच्या पावलाने चीनचे खेडे



परवा एक शेतकरी जोडपे कचेरीत आले. बरोबर चार वर्षांचा मुलगा. चीनमधली भातशेती पाहायची त्यांची हौस. कागदावर आठ दिवसांत पाच गावे लिहून आणली होती. मी चार खोडली. तुमचाही असा बेत असेल, तर हे ध्यानात घ्या.

ठेवलेले गाव युनान प्रांतातील युआनयांगच्या डोंगरात आहे. तिथे हानी लोक तेराशे वर्षांपासून डोंगरउतारावर भातखाचरे राखून आहेत. माथ्यावर राखलेले जंगल, त्याखाली वस्ती, तिच्याखाली खाचरे. जंगलात मुरलेले पाणी पाटाने उतरते आणि खाचा पाडलेल्या लाकडातून ज्याच्या त्याच्या वाट्याला जाते. २०१३ साली युनेस्कोने या शेतीला जागतिक वारशात घेतले. एवढे एक नीट पाहिले तरी प्रवास फळाला आला.

डिसेंबर ते जानेवारीचा मध्य हा काळ बरा. खाचरे पाण्याने भरलेली असतात आणि आपला खरीप घरात आलेला असतो. रब्बीच्या पाण्याची तजवीज मात्र आधी करा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी या काळात चिनी नववर्ष येते, तेव्हा गाड्यांना अतोनात गर्दी असते.

भारतीयांना पर्यटन व्हिसा पुन्हा मिळू लागला आहे. लेकराचा पासपोर्ट व व्हिसा वेगळा लागतो. कुणाच्या घरी उतरलात, तर चोवीस तासांत पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते. हॉटेलात ते काम हॉटेलवाले करतात. मुक्कामाचा पत्ता चिनी लिपीत लिहून खिशात ठेवा.

आता मुख्य गोष्ट, लेकरू. कुनमिंग शहर सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. तिथे दोन रात्री थांबा, मगच घाटाची वाट धरा. डोंगरात थंडी आणि धुके असते. कानटोपी, लोकर हवीच. खाचरांच्या बांधांना कठडे नसतात, म्हणून पोराचा हात सोडू नका. गावात कुत्री असतात. निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून लसींचे विचारा. तापाचे औषध व जलसंजीवनीच्या पुड्या इथूनच न्या.

खाण्याची चिंता नको. तांदळाची पेज, वाफवलेले बन, उकडलेली अंडी मिळतात आणि पोराला रुचतात. शाकाहारी घरांनी मात्र जपावे, कारण भाजीतही डुकराची चरबी वापरतात. ‘मांस, चरबी नको’ हे चिनीत लिहून घ्या. प्यायला उकळलेले पाणी सगळीकडे मिळते, थर्मास न्या.

शेवटी माझ्या खात्याचे सांगणे. तिथले भाताचे वाण कितीही आवडो, मूठभर बीही पिशवीत घालू नका. परवान्याविना बी आणणे गुन्हा आहे. २०१८ साली आपल्या देशात आलेल्या लष्करी अळीने मक्याचे काय केले, ते तुम्ही पाहिले आहे. परकी कीड पुन्हा बोलावू नये.

निघताना मुलाने विचारले, “तिथे बैल असतात का?” म्हटले, “म्हशी असतात, चिखलात नांगर ओढतात.” खोडलेल्या चार गावांचे त्याला काहीच वाटले नाही.

— आपला कृषी अधिकारी