फुलाची सक्ती

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की ब्रिटनमध्ये कोटाकोटांवर कागदी लाल पॉपी दिसू लागते. १९२१ पासून या युद्धस्मृतीच्या फुलांच्या विक्रीतून माजी सैनिकांना साहाय्य मिळते. (ते सरकारी तिजोरीतूनच का मिळू नये, हे सहसा कोणी विचारीत नाही!)

फुलाच्या मध्यभागी मात्र १९९४ पर्यंत ‘हेग फंड’ ही अक्षरे असत. हेग म्हणजे सोमच्या लढाईचे सरसेनापती. १ जुलै १९१६ या एकाच दिवशी तेथे १९ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मारले गेले. मृतांच्या स्मृतीवर त्यांना मृत्यूच्या तोंडी देणाऱ्याचीच मुद्रा! सहकारी चळवळीतील श्रमिक स्त्रियांच्या गिल्डने १९३३ साली पांढरी पॉपी काढली, ती ‘पुन्हा युद्ध नको’ एवढे सांगण्यासाठी. त्यांतील कित्येकींनी पती-पुत्र युद्धात गमावले होते. तरीही १९८६ साली पंतप्रधान थॅचर यांनी या फुलाविषयी तिटकारा व्यक्त केला. देणगी ऐच्छिक, फूल मात्र सक्तीचे, असा हा न्याय.

डेरीचा फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीन याला तो चांगलाच भोवला. ३० जानेवारी १९७२ रोजी त्याच्या शहरात ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडून १३ जणांना ठार केले होते. पॉपी केवळ दोन महायुद्धांतील मृतांसाठी असती तर आपण ती लावली असती, असे त्याने २०१४ साली स्पष्ट लिहिले. प्रेक्षक त्याची हुर्यो उडवीतच राहिले.