जागा अवघड म्हणून दुखणं लपवायचं का?



आपल्या बऱ्हाणपूरच्या मराठी घरांच्या आठवणी लिहायला बसलं की मावा जिलबी येते, राजघाट येतो, ताप्तीचा पूर येतो. घरातल्या माणसांच्या अंगाची दुखणी मात्र कुणी लिहीत नाही. आज मी तेच लिहितेय. विषय अवघड आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

माझ्या आजीचं अंग बाहेर यायचं. बारा वर्षं तिनं कापडाची घडी लावून ते सोसलं. भरलं घर, पण कुणाला पत्ता नाही. "जागाच तशी, सांगू कुणाला?" एवढंच म्हणायची. आज आमच्या नात्यातला एक तरुण नेमकं हेच म्हणतोय. जन्माला मुलगी म्हणून आला, आता पुरुष म्हणून जगतो आणि टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतो. त्याला विचारूनच हे लिहितेय.

बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे पोलीस कॉन्स्टेबल ललित साळवे तुम्हाला आठवत असतील. 2018 च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांची पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यांची गोष्ट थोडी निराळी, कारण तपासणीत पुरुषाचं गुणसूत्र सापडलं होतं. पेपरात शस्त्रक्रिया आली, पुढे 2020 मध्ये लग्न झालं तेही आलं. आपण कौतुकानं वाचलं. पण अशा वाटेवरच्या माणसाच्या रोजच्या तब्येतीचं काय, हे कुणी विचारलं नाही.

म्हणून सरळ सांगते. टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर दाढीमिशी येते, आवाज फुटतो, हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारे बदलही असतात. पहिल्या काही महिन्यांतच शिश्निका, म्हणजे डॉक्टर जिला क्लिटोरिस म्हणतात ती, वाढू लागते. औषध बंद केलं तरी ती पुन्हा लहान होत नाही. बहुतेकांची पाळी काही महिन्यांत थांबते. योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. चाळीशी-पन्नाशीत पाळी गेल्यावर आपल्याला जो त्रास होतो, तोच त्याला पंचविशीत होतो: आग, खाज, लघवीची जळजळ, पुन्हा पुन्हा इन्फेक्शन, कधी रक्तही. यावर उपाय आहे. त्या जागी लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. ते रक्तात फार थोडं उतरतं, त्यामुळे दाढी-आवाजावर परिणाम होत नाही. पण ते लिहून द्यायला डॉक्टरांना त्रास कळायला हवा ना!

आणखी तीन गोष्टी. पाळी थांबली म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असं नाही. हे औषध म्हणजे गर्भनिरोधक नव्हे आणि पोटातल्या गर्भाला ते घातक असतं. गर्भाशयाचं तोंड शरीरात आहे तोवर तिथल्या कॅन्सरची तपासणी करावीच लागते, दाढी असली तरी. आणि बंद झालेली पाळी सोडून मध्येच रक्त दिसलं, तर "येतं कधीकधी" म्हणून बसायचं नाही, दाखवायचं. शिवाय या औषधानं रक्त घट्ट होऊ शकतं, म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं हे औषध नाही. आमच्या पोराला मात्र एका दुकानातून ते बिनचिठ्ठीचं मिळत होतं, तपासणी शून्य. का? तर स्त्रीरोगाच्या दवाखान्यात बाहेर बसलेल्या बायका टकामका बघतात म्हणून.

कायद्यानं आपलं काम थोडंफार केलंय. हार्मोन उपचार आणि समुपदेशनाची सोय सरकारनं करावी, असं 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्यात लिहिलं गेलं. आपल्या मध्य प्रदेशच्या गृह विभागानं डिसेंबर 2021 मध्ये एका महिला कॉन्स्टेबलला लिंगबदलाची परवानगी दिली. भोपाळला जे जमलं, ते आपल्या ओसरीवर का जमू नये?

कुणी म्हणेल, "असली औषधं घ्यावीतच कशाला?" ठीक आहे, तुमचं मत तुमच्याजवळ. घरातले वडीलधारे विडी ओढतात तेही पटत नाही, पण खोकल्यातून रक्त पडलं की आपण त्यांना खंडव्याला नाहीतर जळगावला नेतोच की. तिथे आधी मत जुळायची वाट बघतो का?

माझं म्हणणं एवढंच आहे. पोरगं सज्ञान आहे, निर्णय त्याचा. घरानं करायचं ते सोपं आहे: सोबत जायचं, बाहेरच्या बाकावर शेजारी बसायचं, आणि कुणी टकामका बघितलं तर आपणही बघायचं. आजीच्या वेळी सोबत जायला कुणी उठलं नाही. आता तुमच्या घरात कुणी असेल, तर त्याला आजच विचारा, "बाळा, काही त्रास होतोय का?"