बीजदोषाचे गणित हाताळून शिकवावे

धुळे-नंदुरबार भागातील, विशेषतः भिल्ल व पावरा समाजातील सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार शिंदखेडा परिसरातील वैद्यांस अपरिचित नाही. चरकसंहितेतील बीजभागावयवाची दुष्टी आणि सुश्रुतोक्त आदिबलप्रवृत्त व्याधी आमचे विद्यार्थी मुखोद्गत करतात. परंतु एवढा घातक दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा, याचे उत्तर पाठांतराने मिळत नाही. त्यासाठी, आमच्या मते, हाताळून पाहता येईल असे प्रतिरूपच हवे.

जोसेफ फेल्सेनस्टाईन यांचा ‘पॉपजी’ हा विनामूल्य संगणक-प्रोग्रॅम याच कामाचा आहे. जनुकाचे प्रमाण भरावे आणि पुढील पिढ्यांचा आलेख पाहावा. संगणक नसल्यास १८० मूग व २० उडीद एकत्र करून न पाहता दोन-दोन दाणे काढावेत. प्रत्येक जोडी म्हणजे एक व्यक्ती. शंभर जोड्यांत सरासरी एक रुग्ण आणि १८ वाहक निघतात. म्हणजेच २० उडदांपैकी १८ निरोगी वाहकांकडे असतात! म्हणून एकाही रुग्णास अपत्य झाले नाही असे धरले, तरी जनुकाचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येण्यास दहा पिढ्या लागतात. आता प्रतिरूपात हिवताप आणावा. निर्दोष बीजाच्या दर नऊ बालकांतील एक त्यास बळी पडत असेल व वाहक वाचत असतील, तर हे प्रमाण मुळीच घटत नाही. वाहकांना मिळणारे हे संरक्षण अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले होते.

प्रतिरूप म्हणजे वास्तव नव्हे, हे मान्य. तरीही ज्याने हा आलेख स्वतः पाहिला, तो वैद्य सिकलसेलला एखाद्या समाजाचे ‘वाईट रक्त’ म्हणणार नाही आणि वाहक मुलीचे लग्न मोडू पाहणाऱ्यांस समजावू शकेल. वाहक रोगी नसतो. दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भारपणात अपत्य रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते.

पांडुता व संधिशूल घेऊन आलेल्या तरुणास केवळ आमवाताची चिकित्सा देणे किंवा औषधालयातून तपासणीविना लोहकल्प देत राहणे योग्य नव्हे. प्रथम सोल्युबिलिटी चाचणी करावी, ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसीने निश्चिती करावी.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात आपला वाटा म्हणून प्रत्येक आयुर्वेद महाविद्यालयाने बीजदोषाच्या पाठास असा एक तास जोडावा आणि संघटनेच्या प्रत्येक शाखेने एका सभेत हा प्रयोग करावा, असे आम्ही सुचवितो. मूग-उडीद तर प्रत्येकाच्या घरी आहेतच.