दुपारच्या विश्रांतीला संगीताची साथ

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. दुपारी बारा ते चार उन्हात फिरू नये, हे आता सर्वांना पाठ झाले आहे. पण घरात बसून हे चार तास काढायचे कसे? उकाड्याने झोप येत नाही, डोके जड होते, घरातल्यांवर उगाच चिडचिड होते. अशा वेळी संगीत हा बिनखर्चाचा सोबती आहे. मात्र औषधाप्रमाणे त्यालाही पथ्य आहे.

पहिले पथ्य लयीचे. जलद लयीच्या संगीताने श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढतो, असे इटलीतील संशोधकांना २४ जणांच्या एका छोट्या अभ्यासात आढळले. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. संगीत मध्येच दोन मिनिटे थांबवले असता नाडी व रक्तदाब सुरुवातीपेक्षाही खाली आल्याचे त्यात दिसले. म्हणजे सुरांइतकीच शांतताही उपयोगाची! मोबाइलवर एकामागून एक आपोआप वाजत राहणाऱ्या गाण्यांनी करमणूक होईल, पण विश्रांती मिळणार नाही, असे आमचे मत आहे.

म्हणून यादी छोटी करावी. तीन-चार संथ रचना, एकूण चाळीस मिनिटे पुरेत. प्रत्येक रचनेनंतर थोडा वेळ काहीच लावू नये. आपल्या परंपरेत सारंग हे मध्यान्हीचे राग मानले जातात. बासरीवरचा वृंदावनी सारंगाचा आलाप आणि ऊन कलू लागल्यावर भीमपलासी, ही निवड उत्तम. शास्त्रीय संगीताची आवड नसेल तर ओळखीची संथ भावगीते किंवा अभंग चालतील. यादी सकाळीच लावून ठेवावी. पडल्या पडल्या मोबाइल चाळत बसलात, तर विश्रांती संपलीच म्हणायची.

दुसरे पथ्य आवाजाचे. कूलरच्या घरघरीवर मात करण्यासाठी आपण नकळत आवाज वाढवतो. मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आवाज त्याहून वाढला की ही मुदत झपाट्याने कमी होते. तेव्हा आवाज वाढवण्याऐवजी मोबाइल किंवा रेडिओ उशाजवळ ठेवावा. इयरफोन शक्यतो टाळावेत. शेजारच्या खोलीतून आजीने पाण्यासाठी दिलेली हाक ऐकू आली पाहिजे.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. संगीताने मन शांत होते, शरीराचे तापमान उतरत नाही. अमुक राग ऐकून रक्तदाब बरा होतो, असे कोणी सांगितले म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये. पाणी, ताक, पन्हे, सुती कपडे यांना पर्याय नाही. उन्हाळ्यात एखाद्याला सडकून ताप चढला, तो असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत घेऊन अंग ओल्या कापडाने पुसावे, वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

एवढी काळजी घेतली, तर घरातल्या थोरामोठ्यांना विचारून आजच यादी करा. त्यांच्या आवडीचे एक तरी गाणे त्यात असू द्या. दुपार त्यांनाही काढायची असते.