ब्रेक थरथरतोय? गप्प बसू नका

दुबई-शारजात कंपनीच्या बाईकवर डिलिव्हरी करणाऱ्या भावांनो, पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर बोटांना ठोके देतो, हँडल थरथरतं? मग बहुतेक पुढची डिस्क वाकडी झालीये. नुसते पॅड बदलून भागत नाही; गॅरेजात डिस्क तपासून घ्या, खराब असेल तर बदलायलाच लावा. सुपरवायझर म्हणेल, 'महिनाभर चालव अजून.' त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवा, व्हिडिओ जोडा. २०२१ च्या कामगार कायद्याचं कलम १३ कामावरच्या सुरक्षेची जबाबदारी मालकावर टाकतं. मग झिजलेल्या डिस्कचा खर्च आपल्या पगारातून का? कापायच्या कागदावर सही करू नका. कामगार मंत्रालयाच्या ८००८४ वर फोन करा. ऑर्डर उशिरा पोचली तरी चालेल, तुम्ही धड पोचायला हवं.