दांडी, चोरी आणि आग

हिंजवडीत १९ मार्च २०२५ रोजी कामावर निघालेल्या कर्मचाऱ्यांची मिनीबस पेटली आणि चौघांचा मृत्यू झाला. आधी हा अपघात वाटला. पुढे पोलिसांनी चालकावरच ठपका ठेवला. सहकाऱ्यांशी वाद, बोनस न मिळाल्याचा राग आणि कंपनीतूनच मिळवलेले बेंझिन, असा पोलिसांचा दावा आहे. तो खरा ठरला, तर भांडण, माल पळवणे आणि जाळपोळ ही तिन्ही एकाच माणसाच्या नावावर येतात.

अंबरनाथ पश्चिमेला मोरिवली एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. तिथल्या माणसाला हा प्रश्न दूरचा वाटणार नाही. मग दांडी मारणारा, स्टोअरमधून माल नेणारा आणि सुपरवायझरच्या अंगावर धावून जाणारा, हे तिघे एकाच माळेचे मणी समजायचे का?

बेरी, वन्स आणि सॅकेट यांनी २००७ साली आधीच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले. सहकाऱ्यांना त्रास देणे आणि कंपनीचे नुकसान करणे यांतला सहसंबंध ०.६२ निघाला, १ म्हणजे तंतोतंत जुळणे. नाते जवळचे आहे, पण दोन्ही एकच नव्हेत. त्याआधी, २००६ मध्ये, पॉल स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी या वागण्याचे प्रकार सुटे करून पाहिले. शिवीगाळ आणि मुद्दाम केलेली नासधूस राग व ताणाशी सर्वाधिक जोडलेली दिसली. दांडी आणि उशिरा येणे यांची सांगड कंटाळ्याशी आणि नाराजीशी होती. चोरीचा भावनांशी संबंध आढळला नाही. म्हणून रोज उशिरा येणाऱ्याकडे संशयाने पाहणे चूक आहे (कर्जत लोकल कधी येते हे आपल्याला ठाऊकच आहे). शिव्या देता देता यंत्रावर राग काढू लागलेल्याकडे मात्र वेळीच पाहायला हवे. अडचण अशी, की हजेरी टाइम ऑफिसात असते, तुटीचा हिशेब स्टोअरमध्ये आणि भांडण फक्त सुपरवायझरच्या डोक्यात.

चोरी म्हणजे निव्वळ लोभ, असेही नाही. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांचा अभ्यास मांडला. दोन ठिकाणी दहा आठवडे पगार १५ टक्के कापला होता. दोन्हीकडे चोऱ्या वाढल्या. पण जिथे व्यवस्थापनाने कामगारांसमोर बसून कारण सांगितले आणि खेद व्यक्त केला, तिथे बऱ्याच कमी. पगार पूर्ववत झाल्यावर चोऱ्याही उतरल्या. आपल्याकडे बोनस कमी केल्याची नोटीस गेटवर चिकटवली, की काम संपते.